टिल्लीच्या रक्ताची नळी

१

सोमवारी सकाळी सव्वानऊला माझ्या भावजयीचा फोन आला. "कशा आहात, गुडघा काय म्हणतोय" असं विचारल्याशिवाय ती कधी मुद्द्यावर येत नाही. त्या दिवशी थेट आली.

"वन्सं, टिल्लीची नळी नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"खोक्यात नाहीये. कुणीतरी नेलीय. संचालक पोलिसांना बोलवायचं म्हणतायत. तुम्ही आधी या."

टिल्ली माझी भाची. माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक लेक. अंगाने एवढीशी म्हणून टिल्ली, आणि मोठी व्हायच्या आत गेली म्हणून शेवटपर्यंत टिल्लीच. अकरा वर्षांची होती. आतड्याचा आजार. आतून सोलल्यासारखं आतडं होत गेलं, दोन ऑपरेशनं झाली, तिसऱ्याची वेळ आली नाही. त्याला आता नऊ वर्षं झाली.

तिची आई शास्त्रज्ञ. आधी ती कसल्याशा बुरशीवर काम करायची. लेक गेल्यावर बुरशी सोडली आणि आतडं धरलं. शेवटच्या ऑपरेशनच्या वेळी टिल्लीचं थोडं रक्त आणि आतड्याच्या अस्तराचा थोडा भाग तिने मागून घेतला होता. तो तिने उणे ऐंशी अंशाच्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवला. नऊ वर्षांत काटकसरीने वापरत वापरत दोनच नळ्या उरल्या होत्या, एक रक्ताची, एक आतड्याची. त्यातली रक्ताची गेली.

आणि मी? मी बत्तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत रक्ताचे डाग तपासले. चादरीवरचे, कोयत्यावरचे, शर्टाच्या काखेतले. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. लोक अशा बाईला मेजवानीला बोलवत नाहीत, पण गरज पडली की पत्ता बरोबर सापडतो.

२

भावजयीची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. लांबट खोली, दोन ओट्यांमध्ये एकच माणूस जाईल एवढी वाट, खिडकीत सेंट्रिफ्यूज आणि त्याच्यावर कुणाचा तरी वाळत घातलेला ॲप्रन. टोकाला फ्रीजरची छोटी खोली. तिच्या दाराला आकड्यांचं कुलूप.

"आकडा कोणाकोणाला माहीत?" मी विचारलं.

"मला, आमच्या तंत्रज्ञ काकांना आणि माझ्या विद्यार्थिनीला, घाईला." भावजय थांबली. "आणि ह्यांना. टिल्लीची जन्मतारीख आहे. मी कधी बदलली नाही."

'हे' म्हणजे माझा भाऊ. चार वर्षं झाली, दोघं वेगळे राहतात. भांडण नाही, कोर्ट नाही. एका घरात दोघांनी एकाच माणसासाठी रडायचं, पण एकमेकांसमोर रडायचं नाही, हे त्यांना झेपलं नाही, एवढंच.

संचालक दारातच उभे होते. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता.

"ताई, बाईंचा शोधलेख छापण्याआधी नियतकालिकाच्या परीक्षकांनी अट घातलीय. पहिलं निरीक्षण ज्या नमुन्यावर झालं, तोच नमुना नव्या यंत्रावर पुन्हा तपासा. आज ती तपासणी होती, आणि आजच नमुना गायब! लोक काय म्हणतील? म्हणतील, मुळात निरीक्षणच खोटं होतं, आता उघडं पडायच्या भीतीने बाईंनीच नळी नाहीशी केली."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी शुक्रवारपर्यंत थांबतो," ते म्हणाले आणि निघून गेले.

भावजयीने ते ऐकलं होतं, पण ऐकल्याचं काही चेहऱ्यावर नव्हतं. ती मला काम समजावून देऊ लागली. ती घाबरली की समजावून सांगते.

"आपल्या आतड्याला आतून बुळबुळीत थर असतो ना वन्सं, तो ग्लायकोप्रोटीनचा. म्हणजे प्रथिन, आणि त्याच्या अंगभर साखरेची लव. त्या लवेच्या टोकाला एक खास साखर टोपीसारखी बसलेली असते. टोपी शाबूत तोवर जंतू बाहेर. या मुलांच्या लवेवर टोप्याच नसतात. मग जंतू आधी साखर खातात आणि मग आतडं." तिने श्वास घेतला. "तीच लव तांबड्या पेशींवरही असते. टिल्लीच्या तांबड्या पेशींवरही टोप्या नव्हत्या, ते मला सगळ्यात आधी दिसलं. आतड्यात जे वर्षा-दोन वर्षांनी होणार, ते रक्ताच्या थेंबात आधीच दिसतं. कळलं असतं तर…"

ते वाक्य तसंच सोडून ती मला फ्रीजरपाशी घेऊन गेली.

फ्रीजर कपाटासारखा उभा. आत चार कप्पे, चोवीस पोलादी रॅक, साडेतीनशेवर खोकी. दारावरच्या तक्त्यावर तापमानाची रेघ आपोआप उमटते. शुक्रवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत ती सरळ चालली होती, मध्ये फक्त शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी एक छोटंसं टेंगूळ. तीन अंश चढून परत खाली.

"दार किती वेळ उघडं असलं की एवढं चढतं?"

"चाळीस सेकंद. फार तर पन्नास."

साडेतीनशे खोक्यांतून एक नळी, चाळीस सेकंदांत. मला तर माझ्याच स्वयंपाकघरात जिरं शोधायला त्याहून जास्त वेळ लागतो.

मी तिला टिल्लीचं खोकं असलेला रॅक ओढायला सांगितला. तिने जाड हातमोजे घालून ओढला. पोलादी कडीवर हिम साचलं होतं आणि त्या हिमात नखाएवढं काहीतरी पातळ, पांढरट चिकटलं होतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बत्तीस वर्षांत असं पुष्कळ पाहिलंय.

माणसाची कातडी होती ती.

३

घाई म्हणजे भावजयीची संशोधक विद्यार्थिनी. तिशीची, हुशार, आणि जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या गाळणारी. तिचं नाव कुणीच घेत नाही.

"आजी, खरं सांगते, मी शनिवारी इथे नव्हते."

"आजी म्हणू नकोस. हात दाखव."

तिने दोन्ही हात पुढे केले. बोटं धड होती. शाईचे डाग, बाकी काही नाही.

"नळी कुणी नेली असेल, तुला काय वाटतं?"

"सरांनी," ती पटकन म्हणाली, आणि मग मी त्याच सरांची बहीण हे आठवून कानापर्यंत लाल झाली. "म्हणजे… मुलीचं तेवढंच उरलं होतं ना. आज तपासणीत संपणार होतं. मी बाप असते तर मलाही वाटलं असतं, की नको."

उत्तर वाईट नव्हतं. पण ते देताना ती आपल्या वहीवर हात ठेवून बसली होती, झाकणासारखा. ते मी मनात ठेवलं.

काका भेटले ते खालच्या मजल्यावर, बर्फाच्या यंत्रापाशी. सव्वीस वर्षं इथले तंत्रज्ञ. फ्रीजरवर पोटच्या पोरासारखं लक्ष, म्हणून सगळे त्यांना बर्फकाका म्हणतात. टिल्ली शाळेतून थेट इथे यायची तेव्हा ते तिला ड्राय आइसची वाफ काढून दाखवायचे.

"शनिवारी मी रजेवर होतो, ताई. घरी होतो. बायकोला विचारा."

"विचारलं. होतात." मी म्हटलं. "हात दाखवा बघू."

त्यांचे हात खरखरीत, पण जखम नव्हती. ते स्वतःच म्हणाले, "कडीला कातडी चिकटलीय ना? बाई म्हणाल्या. बिनमोज्याचा हात होता म्हणजे. मी झोपेतसुद्धा मोजे घालीन, ताई."

"खोकं शोधायला तुम्हाला किती वेळ लागेल?"

"डोळे बांधले तरी वीस सेकंद."

ते बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, यंत्रातून पडणाऱ्या बर्फाच्या चुऱ्याकडे बघत होते. बादली भरून वाहत होती, तरी त्यांनी यंत्र बंद केलं नाही.

मग मी दुरुस्तीच्या नोंदींची वही मागवली. ते काम संचालकांच्या कारकुनाकडे असतं. वही चाळता चाळता तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एक ओळ सापडली: 'फ्रीजर क्र. २, कॉम्प्रेसर बंद पडला. बदलला. सर्व नमुने क्र. १ मध्ये हलवले. सर्व सुरक्षित.' अक्षर काकांचं. 'सर्व सुरक्षित' मात्र दोनदा गिरवलेलं, पेन कागदात रुतेपर्यंत.

तारीख मी पुन्हा एकदा वाचली. त्या आठवड्यात भावजय हॉस्पिटलमध्ये होती. झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या होत्या. चुकून, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं.

४

संध्याकाळी मी भावाकडे गेले. तो गणिताचा निवृत्त शिक्षक. दोन खोल्या, एक टेबल, सहा खुर्च्या. खुर्च्या शिकवणीच्या मुलांसाठी, बाकी त्याच्याकडे कुणी येत नाही. मला अजून तो गुंडूच.

"चहा करतो," तो म्हणाला आणि डाव्या हाताने भांडं उतरवू लागला. हा जन्माचा उजवखोरा.

"गुंडू, हात दाखव."

उजव्या हाताच्या दोन बोटांना आणि अंगठ्याला पट्टी होती.

"इस्त्रीचा चटका बसला, ताई."

मी त्याच्या शर्टाकडे पाहिलं. चार वर्षांत त्या शर्टाने इस्त्रीचं तोंड पाहिलं नव्हतं. मी पट्टीची कड उचलली. भाजल्यावर कातडी लाल होते, हिमाने जळली की आधी मेणासारखी पांढरी पडते. बोटांची टोकं पांढरी होती, आणि अंगठ्यावरची कातडी सोललेली.

"कुठे आहे नळी?"

तो खुर्चीत बसला. शिकवणीच्या मुलांच्याच खुर्चीत, पलीकडच्या बाजूला.

"मी नेली. तेवढंच लिही, ताई. बापाला मुलीची आठवण हवी होती म्हणून नेली. संचालकांना सांग, पोलिसांना सांग. तिच्यावर काही येत नाही ना मग?"

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. हिमात कातडी, बोटाला जखम, कबुलीजबाब तोंडी. माझ्या जुन्या साहेबांनी फाईल बांधून टाकली असती. पण मला पटेना.

चाळीस सेकंदांत नळी शोधणारा माणूस त्या फ्रीजरचा रोजचा हवा. उघड्या हाताने पोलाद धरणारा माणूस त्या फ्रीजरसमोर पहिल्यांदाच उभा राहिलेला हवा. ही दोन माणसं एकाच कातडीत मावत नाहीत. म्हणजे एकाने जागा सांगितली आणि दुसऱ्याने हात घातला.

आणि दुसरा प्रश्न मोठा होता.

"गुंडू, आठवण हवी होती तर आतड्याची नळी का नाही घेतलीस? तीही टिल्लीचीच. त्याच खोक्यात, बोटभर अंतरावर. ती ठेवलीस, रक्ताचीच उचललीस. का?"

गॅसवर चहा उतू गेला तरी तो उठला नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाईला गाठलं, ओट्यापाशी, एकटी असताना.

"वही दे."

"कसली?"

"काल जिच्यावर हात ठेवून बसली होतीस, ती."

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बाईंना सांगू नका. नवं यंत्र आलं होतं. सोमवारी बाईंसमोर काही बिघडू नये म्हणून मी दहा दिवसांपूर्वी त्या नळीतला राईएवढा कण खरवडला. न विचारता. आणि चाचणीच फसली माझी. बघा ना, काहीतरी मिसळलं."

वहीत एक आलेख चिकटवला होता. मला नव्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण तिने बोट ठेवलं ते शिखर मला कळलं. माझं अख्खं आयुष्य त्याच्यावर गेलंय. रक्तगट म्हणजे तरी काय, तांबड्या पेशींच्या त्या साखरेच्या लवेवर टोकाला कुठली साखर बसलीय, तेवढंच. ए गटाची एक, बी गटाची दुसरी, आणि ओ गटाला यातली कुठलीच नाही.

तिथे ए गटाची साखर होती. भरपूर.

"आणि टोप्या?" मी विचारलं. "बाईंच्या त्या टोप्या?"

"सगळ्या जागेवर! निरोगी माणसासारख्या. म्हणून तर म्हणते, फसली."

"तुझा गट कोणता?"

तिने गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं. बी. काकांचं ओळखपत्र मी काल पाहिलं होतं, ओ. भावजय बी. म्हणजे हाताळताना यांच्यापैकी कुणाचं रक्त मिसळलं, हेही नाही.

टिल्ली ओ होती. हे मला कुठल्या वहीत बघावं लागत नाही. ओ गटाला ओ सोडून दुसरं रक्त चालत नाही. दोन्ही ऑपरेशनांच्या वेळी आईचं चालेना, बापाचं चालेना, तेव्हा या आत्याने दंड पुढे केला होता. त्यामुळे तिच्या अंगात बाहेरचं रक्त गेलं असेल तर तेही ओच. ए गटाची साखर तिच्या नळीत कुठल्याही वाटेने येऊ शकत नव्हती.

म्हणजे चाचणी फसली नव्हती. त्या नळीत टिल्लीचं रक्तच नव्हतं.

माझा भाऊ ए गटाचा आहे. (कुणाच्या मनात भलतंसलतं येऊ नये म्हणून सांगते, ए बापाला आणि बी आईला ओ गटाचं मूल होतं. दोघांच्याही पोटात एकेक ओ लपलेला असला की झालं.)

आणि मग मला तीन वर्षांपूर्वीचा तो मे महिना आठवला. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात भाऊ बसला होता, बाही दुमडलेली, आणि कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा. सुई बघून शाळेत दोनदा चक्कर येऊन पडलेला हा माणूस. मी विचारलं होतं, "काय रे, तुला काय झालं?" तो म्हणाला होता, "काही नाही, साखर तपासली."

६

दुपारी मी काका आणि भाऊ, दोघांना माझ्या घरी समोरासमोर बसवलं. मी आलेख टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "आता मी सांगते, चुकलं तर सांगा."

चुकलं नव्हतं.

"कॉम्प्रेसर शनिवारी गेला, कळलं सोमवारी," काका म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, खूप दिवस आत धरून ठेवलेली गोष्ट बाहेर आल्यासारखा. "खालचे कप्पे गार होते, ते मी वाचवले. दीडशेवर मुलांचे नमुने, सगळे. टिल्लीच्या रक्ताचं खोकं सगळ्यात वर होतं. बाईच ठेवायच्या तिथे, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. वरचाच कप्पा आधी तापला. नळी पाण्यासारखी झाली होती, ताई. पेशी फुटून नुसतं लाल पाणी. आतड्याची नळी तेव्हा दुसऱ्या फ्रीजरमध्ये होती, म्हणून ती वाचली."

"मग?"

"मग मी हॉस्पिटलात सांगायला गेलो. बाई नुकत्या शुद्धीवर आलेल्या. मला बघून पहिलं काय विचारलं असेल? 'काका, फ्रीजर बरा आहे ना?' मी म्हटलं, बरा आहे."

"व्हरांड्यात सर भेटले. त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, माझं रक्त ओ आहे, गट जुळतो, मी भरतो नळी. सर म्हणाले, नाही."

भावाने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "दुसऱ्या कुणाचं कशाला, ताई? माझं निम्मं तरी तिचंच होतं ना?"

इतका गणिताचा मास्तर, आणि हे गणित त्याने असं सोडवलं होतं.

काकांनी रीतीप्रमाणे पेशी धुतल्या, गोठताना फुटू नयेत म्हणून ग्लिसरॉल घातलं, जुनी चिठ्ठी नव्या नळीवर चिकटवली. कधी उपयोगात आणायचीच नव्हती ती. फक्त असायला हवी होती. भावजय घरी आली, कामाला लागली, दोन्ही नळ्या तिने शेजारी शेजारी ठेवल्या. माणूस वाचला. दोघांनाही वाटलं, जमलं.

मग परीक्षकांचं पत्र आलं.

"नळी तपासली असती तर सगळ्या टोप्या जागेवर दिसल्या असत्या," भाऊ म्हणाला. "तिला वाटलं असतं, आपण सुरुवातच चुकीची केली. नऊ वर्षांचं काम खोटं. माझ्या रक्ताने तिचं काम खोटं पाडलं असतं. म्हणून काढली. काकांच्या हातून होईना. त्यांनी कागदावर जागा लिहून दिली, तिसरा कप्पा, डावीकडून दुसरा रॅक, चौथं खोकं. मोजे घाल म्हणायचं तेवढं राहिलं."

"खरं सांगून टाकायचं नाही सुचलं? एकदाही?"

"रोज सुचायचं," काका म्हणाले.

भावाने जपून खिशात हात घातला. रुमालात गुंडाळलेली नळी. केव्हाच वितळली होती. "फेकवेना," तो म्हणाला.

७

भावजयीला मीच सांगितलं. त्या दोघांनी यायची तयारी दाखवली होती, मी नको म्हटलं. फ्रीजरच्या खोलीत एकच स्टूल आहे, त्यावर तिला बसवलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. काही गाळलं नाही. गोळ्यांचंही नाही.

तिने मध्ये एकच प्रश्न विचारला. "ग्लिसरॉल किती घातलं होतं?"

"ते मला माहीत नाही गं."

"बरोबर घातलं असणार. काकांचं चुकत नाही."

फ्रीजरची मोटर सुरू होऊन बंद झाली. मग ती रडायला लागली. टिल्ली गेली तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा डॉक्टर होते, सही करायचे कागद होते, नातेवाईक होते. आता नुसती मी होते.

"दर शुक्रवारी मी इथे येऊन दार उघडायचे, वन्सं. मिनिटभर. बोलायचे तिच्याशी. काय जेवले, कोण आलं, केवढी कामं राहिलीत. तीन वर्षं! आणि ऐकत कोण होतं, तर ह्यांचं रक्त." ती हसली, आणि ते हसणं रडण्याहून वाईट होतं. "माझी मुलगी दुसऱ्यांदा गेली आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही. माझं सुतक मला पाळू द्यायचं होतं. वेडी झाले असते तर झाले असते. मरू दिलं असतं तरी चाललं असतं, पण असं खोटं जगवायचं नव्हतं."

"त्यांना तू हवी होतीस."

"आणि मला ती हवी होती."

मी नळीबद्दल विचारलं, आणू का म्हणून. तिने मान हलवली. "त्यांची आहे. त्यांनाच ठेवू दे."

बुधवारी तिने नियतकालिकाला पत्र लिहिलं. जे झालं ते जसंच्या तसं, कुणावर ढकललं नाही. अभ्यासातल्या पहिल्या मुलीचा रक्ताचा नमुना तीन वर्षांपूर्वीच नष्ट झाला होता, त्यामुळे तिचं निरीक्षण पुन्हा तपासता येणार नाही, ते वगळावं. आतड्याची नळी होती, ती तिने स्वतः तपासली. लवेवर एकही टोपी नव्हती. नऊ वर्षांपूर्वी तिने बरोबरच पाहिलं होतं. पण रक्ताशी जोडी लागल्याशिवाय ते मोजता येत नाही, म्हणून तेही सोडून दिलं. संचालक म्हणाले, तळटीप तरी देऊ. ती म्हणाली, नको.

सात महिन्यांनी लेख छापून आला. एकशे त्रेसष्ट मुलं त्यात होती, आणि सिद्धान्त पक्का ठरला होता. आता काही हॉस्पिटलं लहान मुलांचं थेंबभर रक्त घेऊन ती चाचणी करून बघतायत. जिच्यासाठी हे सगळं झालं, ती त्यात कुठेच नाही.

काकांनी राजीनामा दिला. तिने तो घेतला. सव्वीस वर्षं इथे काढलेल्या माणसाच्या राजीनाम्यावर सरळ सही केली. मग त्यांना म्हणाली, "महिनाअखेरीपर्यंत थांबा. घाईला फ्रीजर लावायला शिकवा. तुमच्यासारखा." काका थांबले. शेवटच्या दिवशी त्यांनी तिला नमस्कार केला, तिने उलटून केला. पुन्हा दोघं भेटले असतील असं मला वाटत नाही.

गुंडूला तिने बोलावलं नाही आणि तोही गेला नाही. लेख छापून आला त्या दिवशी तो माझ्याकडे आला. अंक त्याने विकत आणला होता. त्यातलं त्याला काही कळणार नव्हतं, पण तक्त्यातली मुलांची वयं तो बोटाने खाली खाली वाचत होता. बोटांवर नवी कातडी आली होती, गुलाबी.

"ताई," तो मान वर न करता म्हणाला, "तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून तुलाच विचारतो. मी चुकलो का?"

साक्षीच्या पिंजऱ्यात मी शेकडो वेळा उभी राहिलेय. तिथे 'हो' किंवा 'नाही' एवढंच सांगायचं असतं, आणि ते सांगताना समोरच्या माणसाकडे बघायचं नसतं. मी त्याच्याकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. हिशेब तपासून बरोबर आल्यावर हलवावी तशी. मग माझा साठीचा भाऊ माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला आणि मी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले.